डोके साफ

मित्रांनो, ज्या पत्राला उत्तर गेले नाही, ते पत्र अडीच वर्षे माझ्या पोटाखाली होते. चार घड्या घातलेला रेघी कागद, निळी शाई आणि घडीत जपून ठेवलेले एक तपकिरी पीस. त्या पत्राबद्दल सांगायचे म्हणूनच मी तोंड उघडतो आहे. एरवी माझ्यासारख्याची हकिकत कोणी ऐकावी असे तिच्यात फारसे काही नाही.

मी एक जुना, कापूस भरलेला पिंगळा आहे. पिंगळा म्हणजे लहान घुबड, मैनेएवढे. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत लाकडी कपाटे आहेत, त्यांतल्या सतराव्या खणात मी राहतो. माझ्या डोळ्यांच्या जागी कापूस आहे आणि पायाला चिठ्ठी बांधलेली आहे. खरे तर आतापर्यंत दोन चिठ्ठ्या होत्या. त्या एकमेकींशी भांडत आणि त्यामुळे मी नेमका कोण आहे, हे कित्येक वर्षे मलाही ठामपणे सांगता येत नव्हते. आपण कोण ते आपल्याला आतून माहीत असते, असे लोक म्हणतात. माझ्या आत कापूस आहे.

तरी लहानपणीचे थोडे आठवते. उंच, विरळ झाडांचे रान होते. खालून ओढा वाहत होता. जुन्या झाडाच्या ढोलीत आम्ही तीन भावंडे वाढलो. घुबडे रात्री हिंडतात असे तुम्ही पुस्तकात वाचले असेल, पण आम्ही दिवसाचे. सकाळी उन्हात निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर बसायचे, शेपटी झटकत खालचा सरडा हेरायचा, आणि मधूनच हाक द्यायची. दोन तुकड्यांची, मऊ, लांबवलेली हाक : उऽऽ-वो. पलीकडच्या झाडावरून तशीच हाक परत यायची. ती आली की जागा आपली आहे असे वाटायचे.

एका सकाळी मी अशीच हाक दिली आणि परत हाक येण्याऐवजी गोळी आली. मी गप्प बसलो असतो तर कोणाचे वर लक्ष गेले नसते. पुढे इतकी वर्षे ज्या माणसाच्या हाती राहिलो तो बोलायला इतका का भितो, हे मला कदाचित म्हणूनच समजत असावे.

मला ज्यांनी सोलले त्यांना सगळे कातडेकाका म्हणत. पक्ष्यांची कातडी काढून, आतून विषारी साबण लावून, कापूस भरून ती टिकवणे हा त्यांचा धंदा. त्यांचा हात हलका होता. माझे एकही पीस त्यांनी मोडले नाही. शेवटचा टाका घातल्यावर त्यांनी माझ्या पायाला चिठ्ठी बांधली. तिच्यावर बारीक अक्षरांत लिहिले : ‘वनपिंगळा. नर. विरळ उंच झाडी, ओढ्याकाठी. सकाळी उन्हात बोलत होता. पोट पांढरे. डोके साफ.’

यातले शेवटचे दोन शब्द नीट ध्यानात ठेवा, मित्रांनो. ते कोणी नीट ध्यानात ठेवले नाहीत.

काका गेले. काही वर्षांनी नवा संग्रहपाल आला. संग्रहपाल म्हणजे आमच्यासारख्यांची देखभाल करणारा, नोंदी ठेवणारा. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. पाठीला किंचित पोक, जाड चष्मा, आणि खिशात कायम एक भिंग. त्याने पक्ष्यांवरची पुस्तके इतकी वाचली होती की पानांचे क्रमांक त्याला पाठ होते. रानात मात्र तो कधी गेला नव्हता. गवतातून चालले की त्याला शिंका येत.

पहिल्याच महिन्यात त्याने आमचा खण उघडला. आमच्याकडे सगळ्यांना पोटावर निजवतात, कारण डोके आणि पाठ आधी पाहायची असते. त्याने भिंग लावले आणि ते माझ्या डोक्यावरच थांबले. वनपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात. गावाजवळच्या साध्या पिंगळ्याचे डोके मात्र पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले असते. आणि माझ्या डोक्यावर चांगले अकरा पांढरे ठिपके होते.

मग ‘डोके साफ’ म्हणजे काय? त्याने विचार केला. कातडे काढताना कवटी आतून स्वच्छ करावी लागते. म्हणजे ती कारागिराची नोंद असणार : डोके साफ केले. त्याने लगेच दुसरी चिठ्ठी लिहिली, ‘पिंगळा, साधा. ठिपके स्पष्ट. पूर्वीची ओळख चुकीची’, आणि माझ्या त्याच पायाला बांधली. जुनी चिठ्ठी काढायची नसते, असा आमच्याकडे नियम आहे. तो त्याने पाळला. नियम तो सगळेच पाळत असे.

मोठ्या साहेबांनी त्याची पाठ थोपटली. “अहो, तीस वर्षं हा पक्षी खोटं नाव लावून बसला होता! काय डोळे आहेत बुवा तुमचे.” संग्रहपालाचे कान लाल झाले. मित्रांनो, त्याच्या सबंध नोकरीत त्याची पाठ थोपटली गेली ती तेवढी एकदाच. नंतर तो हळूहळू ‘बहुधासाहेब’ झाला. कोणी काही विचारले की म्हणायचा, “बहुधा असं असावं, पण पुस्तक पाहून सांगतो.” पुस्तक पाहायला जायचा आणि दुसरे पुस्तक काढायचा. ज्याला विचारायचे होते तो तोवर निघून गेलेला असे. झाडलोट करणारी मावशी त्याच्या आधीपासून तिथे होती. ती म्हणायची, “साहेब, तुमचं नाव काय हो, असं विचारलं तरी तुम्ही बहुधा म्हणाल.” तो हसायचा. त्याला ते खरे वाटायचे.

अशी एकतीस वर्षे गेली. खण उघडायचा, डांबराच्या गोळ्या बदलायच्या, खण बंद. कोणी मला पाहायला आले नाही. साध्या पिंगळ्याला कोण येणार? तो तर रस्त्यावरच्या दिव्याखाली किडे टिपताना कोणालाही दिसतो.

आणि मग ते पत्र आले.

एकटा असला की संग्रहपाल पुटपुटत वाचायचा, म्हणून मलाही ते ऐकू आले. लिहिणारी बाई एका टेकडीच्या पायथ्याशी रोपवाटिकेत काम करत होती. रोपांना पाणी घालायचे, पिशव्या भरायच्या, हे तिचे काम.

‘साहेब, मी फार शिकलेली नाही, पण डोळे शाबूत आहेत,’ असे तिने लिहिले होते. ‘आमच्या टेकडीवर लहान घुबडाच्या चार जोड्या आहेत. गावातला पिंगळा मला ठाऊक आहे. तो घराच्या वळचणीला राहतो, दिवेलागणीला चिर्र-चिर्र करून भांडतो, त्याचं डोकं ठिपक्यांनी भरलेलं असतं. दुसरा एक असतो, रानपिंगळा, त्याच्या अंगभर बारीक आडव्या रेघा असतात. हा त्या दोघांसारखा नाही. ह्याचं डोकं नुसतं करडं-तपकिरी आहे, ठिपका शोधावा लागतो. छातीवर तपकिरी पट्टा, खाली पोट धुतल्यासारखं पांढरं. पाय जाड, पिसांत झाकलेले. हा सकाळी उन्हात शेंड्यावर बसतो आणि उऽऽ-वो असं बोलतो. मी चार वर्षं ऐकते आहे. झाडाखाली सापडलेलं एक पीस घडीत ठेवलं आहे.’

पुढे मुद्द्याची गोष्ट होती. टेकडी खडीच्या खाणीला द्यायची ठरत होती. सहा आठवड्यांनी सुनावणी होती. तिथले अधिकारी तिला म्हणाले होते, ‘बाई, घुबडं काय, सगळीकडे असतात. हे घुबड वेगळं आहे असं संग्रहालयाचं सहीचं पत्र आणा, मग टेकडीचं बघू.’ तेवढे एक पत्र तिला हवे होते.

त्याने खोलीचे दार लावून घेतले. खुर्चीत बसून, कोणी ऐकत नाही ना असे पाहत, हलक्या आवाजात तो म्हणाला, “उऽऽ-वो.” अगदीच कच्ची हाक होती. पण गोळी लागल्यापासून माझ्यासमोर कोणी माझ्या भाषेत बोलले नव्हते. मला घसा असता तर मी उत्तर दिले असते.

मग त्याने मला उचलून टेबलावर ठेवले. छाती पाहिली, तपकिरी पट्टा होता. पोट पाहिले, पांढरे होते. पाय पाहिले, जाड, पिसांत झाकलेले, आणि तो थबकला. पुन्हा मला पोटावर ठेवले, भिंग डोक्यावर नेले. अकरा ठिपके. त्याने एक लांब सुस्कारा सोडला.

त्याच्या मनात काय चालले होते ते मला त्याच्या पुटपुटण्यातून कळले. ह्या पिंगळ्याचे पोटही बाईंच्या पक्ष्यासारखेच आहे, पण डोक्यावर ठिपके आहेत. म्हणजे साध्या पिंगळ्याचेही पोट कधी असे असू शकते. मग बाई म्हणतात तो पक्षी साधाच नसेल कशावरून? उन्हाच्या चमकेत लांबून ठिपके दिसले नसतील. सही करून दिली आणि उद्या ते चूक ठरले तर? चुकीचे नाव लागलेल्या माझ्यावरून तो खऱ्या पक्ष्यावर शंका घेत होता, आणि मी तिथेच टेबलावर पडून होतो. मला मित्रांनो, आजही ते आठवले की टाके उसवल्यासारखे वाटते.

त्याने उत्तर लिहायला घेतले. ‘बहुधा’ने सुरू झालेला कागद फाडला. ‘खात्रीने सांगता येत नसले तरी’ने सुरू झालेलाही फाडला. असे नऊ कागद झाले. दहाव्यावर फक्त ‘सप्रेम नमस्कार’ होता. मग त्याने तिचे पत्र माझ्या पोटाखाली सरकवले आणि खण लोटला. खात्री झाली की लिहू, असे तो म्हणाला. मला म्हणाला की स्वतःला, कोण जाणे.

सुनावणीला चार दिवस उरले असताना ती स्वतः आली. दुपार होती. तिचे बोलणे बाहेरच्या ओसरीतून मला ऐकू येत होते. आवाज मोठा होता, उघड्यावर काम करणाऱ्या माणसाचा असतो तसा.

“मावशी, साहेब आहेत का? मी पत्र पाठवलं होतं घुबडाचं.”

संग्रहपाल आमच्या खोलीत आला, कपाटाआड उभा राहिला, आणि मावशीला हाताने ‘नाही’ म्हणून खूण केली. मावशीने त्याच्याकडे पाहिले. मग बाहेर जाऊन म्हणाली, “साहेब नाहीत गं बाई आत्ता.”

“कधी येतील?”

“काय सांगू? त्यांचं काही ठरलेलं नसतं.”

“मी बसते. शेवटची गाडी साडेपाचला आहे.”

ती सव्वापाचपर्यंत बाकावर बसली. तितका वेळ तो कपाटाला पाठ लावून उभा होता. एकदा त्याला शिंक आली, ती त्याने रुमालात दाबली. ती गेल्यावर मावशी आत आली आणि झाडू भिंतीला टेकवून म्हणाली, “तिनं डबा आणला होता. तुमच्या दारात बसून एकटी जेवली बिचारी. मला खोटं बोलायला लावलंत, ते लावलंत. पण निदान ‘मला माहीत नाही’ एवढं तरी सांगायचं होतं तिला. तोंडाला कुलूप आहे का?”

त्याने रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला.

टेकडीचा अलीकडचा उतार तोडला गेला. त्याची बातमी वर्तमानपत्रात चार ओळींची आली होती. ती त्याने कापून घेतली आणि तीही माझ्या खाली ठेवली. माझ्या अंगाखाली कागद वाढत होते. खण बंद करताना माझी पाठ वरच्या फळीला घासू लागली.

दोन वर्षांनी पोस्टकार्ड आले. तेच निळे अक्षर.

‘साहेब, आता उत्तराची वाट पाहत नाही. नोंद असावी म्हणून कळवते. अलीकडच्या उतारावर तीन जोड्या होत्या, त्या गेल्या. ओढ्यापलीकडची झाडं अजून उभी आहेत. तिथे एक नर आहे. मादी गेले दोन महिने दिसली नाही. तो रोज सकाळी बोलतो. पुढच्या सोमवारी पलीकडच्या उताराची सुनावणी आहे.’

संग्रहपालाच्या निवृत्तीला तेव्हा नऊ दिवस राहिले होते. खण मोजून, यादी करून, सगळे पुढच्या माणसाच्या हवाली करायचे होते. मावशी मदतीला बसली होती. सतरावा खण तिने उघडला आणि मला उचलताच खालचे कागद घसरून पडले.

“ह्या पाखराला काय अंडी उबवायला बसवलंय होय साहेब? चिठ्ठ्यांवर?”

“असू द्या त्या,” तो घाईने म्हणाला.

पण मावशीने मला हातात धरलेच होते. ती माझ्या डोक्याकडे बघून हसली. “अगं बाई! ह्याच्या डोक्यावरचा चुना अजून तसाच?”

“चुना?”

“मग काय! तुम्ही यायच्या आधी, त्या उन्हाळ्यात खोलीला चुना मारला होता ना. मी तेव्हा नवीनच लागले होते. रंगाऱ्यांनी हा खण उघडाच ठेवला होता. पुढच्या रांगेतला हाच तेवढा शिंतोड्यांत सापडला. फरशी घासता घासता माझी बोटं सोलपटली होती, म्हणून लक्षात राहिलं.”

संग्रहपालाने भिंग काढले. ठिपका जन्मतः असतो तेव्हा तो पिसाच्या आत मुरलेला असतो. माझे ठिपके पिसावर बसले होते. एक तर दोन पिसांवर मिळून बसला होता, कडक, पापुद्र्यासारखा. तेहतीस वर्षांपूर्वीही भिंग हेच होते. मावशीने विचारायची वाट पाहिली नाही. अंगठ्याचे नख लावले आणि टक्कन एक ठिपका उडाला. खाली नुसते करडे-तपकिरी डोके होते.

“रंगाऱ्यांनी तुम्हाला चांगलाच चुना लावला की हो साहेब!” ती म्हणाली, आणि त्याचा चेहरा बघून तिचे हसू जागच्या जागी विरले.

तो खाली बसला. मग एकाएकी उठून त्याने खणातल्या बाकीच्या जुन्या चिठ्ठ्या पाहिल्या. काकांनी जिथे जिथे कवटीची नोंद केली होती, तिथे ‘कवटी काढली’ किंवा ‘कवटी ठेवली’ असे लिहिले होते. ‘डोके साफ’ एकाच चिठ्ठीवर होते. माझ्या. डोके साफ म्हणजे डोक्यावर ठिपके नाहीत. इतके सोपे होते ते. ज्या एका गोष्टीबद्दल त्याला आयुष्यात खात्री वाटली होती, ती नखाने निघाली.

“तीन जोड्या,” तो म्हणाला. “मावशी, तीन जोड्या गेल्या.”

मावशीने त्याला धीर दिला नाही. “आणि एक राहिलाय म्हणते ना ती? मग लिहा की आता.”

त्याने दहा ठिपके ओल्या कापसाने एकेक करून उतरवले. माझ्या पायाला तिसरी चिठ्ठी बांधली : ‘वनपिंगळा. पहिली ओळख बरोबर. दुसरी चूक माझी.’ खाली सही आणि तारीख. मग पत्र लिहिले. एकाच कागदावर, एकही शब्द न खोडता.

‘आपण वर्णन केलेला पक्षी वनपिंगळा आहे. तो दुर्मीळ आहे. आपली नोंद रूप, जागा आणि हाक या तिन्ही बाबतींत बिनचूक आहे. हे मी अडीच वर्षांपूर्वी लिहायला हवे होते. आपण आलात तेव्हा मी आतच होतो. सोबत आमच्या संग्रहातला पक्षी पाठवत आहे. तो सुनावणीत टेबलावर ठेवावा आणि अधिकाऱ्यांना डोके पाहायला सांगावे.’

मला बाहेर पाठवण्यासाठी उसनवारीचा अर्ज लागतो. तो त्याने भरला. मोठ्या साहेबांच्या खोलीत जाऊन, उभा राहून, आपली चूक आपल्या तोंडाने सांगितली आणि सही घेतली.

“स्वतःच का नाही जात?” मावशीने विचारले.

“तिच्यासमोर उभं राहायला तोंड नाही मला.”

“ते तर तेव्हाही नव्हतं,” मावशी म्हणाली, आणि मला नि पत्राला खोक्यात बांधायला सुतळी घेऊन बसली.

मित्रांनो, खोक्यात अंधार आहे आणि माझ्याजवळ वेळ थोडा आहे, म्हणून एक विनंती करतो. आम्हा जुन्या वस्तूंवरची धूळ पुसा, आम्हाला कसरीपासून जपा, हे तर आहेच. पण कोणी तुम्हाला काही विचारले, आणि त्या उत्तरावर एखाद्याचे घर उभे असले, तर गप्प बसू नका. माहीत असेल तेवढे सांगा. माहीत नसेल तर तसे सांगा. उत्तरे तीनच असतात असे समजा, हो, नाही आणि माहीत नाही. चौथे जे असते, त्याने टेकडी जाते. मी काही फार शहाणा नाही, मी चुकतही असेन. पण एवढे मला चुन्याखाली पडून राहून कळले आहे.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या बाईंनी मला वजनाच्या काट्यावर ठेवले.

“काय आहे आत?”

“पक्षी.”

“जिवंत?”

“नाही,” संग्रहपाल म्हणाला. “सोमवारच्या आत पोचेल का?”

“टेकडीकडचा रस्ता खराब आहे हो. शनिवारी पोचायला हवं, पण लिहून नाही देता येणार.”

माझ्यावर तिकिटे चिकटली. मग त्याचा आवाज आला, तो जुनाच, अडखळता. “अहो, जरा थांबता? एक वाक्य मला पुन्हा बघायचं होतं. तो ‘बिनचूक’ शब्द जरा...”

वरून धाडकन शिक्का बसला. माझा सगळा कापूस हलला.

“शिक्का पडला, आजोबा,” बाई म्हणाल्या. “आता ते तुमचं नाही.” आणि त्यांनी मला गाडीच्या पोत्यात टाकले.